पाच टक्क्यांची अट

वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यातील आमच्या गावात बसथांब्यासमोर कडुलिंबाचा पार आहे आणि त्याला लागूनच वहिनींची चहाची टपरी आहे. संध्याकाळी तिथे बसणारी माणसे ठरलेली असतात: शाळेत विज्ञान शिकवणारे सर, मोटार वायंडिंगचे दुकान असलेले भाऊ, सारा गाव ज्यांना काकाजी म्हणतो ते जुने शेतकरी, आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारा मी. वहिनी बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, त्यामुळे चहा गाळता गाळता त्याही वादात उतरतात, आणि त्यांचा हिशेब सहसा चुकत नाही. मागच्या आठवड्यात नववीतल्या दोन मुलांनी स्वतः बनवलेली एक छोटी गाडी पारावर आणून ठेवली आणि तिच्यावरून निघालेली चर्चा तीन संध्याकाळी चालली. बोलणे आमच्या बोलीत झाले. लिहिताना मी ते प्रमाण भाषेत आणले आहे.

गाडी वीतभर लांबीची होती. खाली दोन पिवळ्या मोटारी, समोर दोन डोळ्यांसारखा दिसणारा अंतर मोजणारा सेन्सर, मध्ये गाडीचा मेंदू म्हणून काम करणारे, आर्डुइनोच्या नमुन्याचे कार्ड आणि त्यामागे मोटारींना वीज देणारे लाल कार्ड. अडथळा दिसला की थांबायचे आणि वळायचे, एवढेच तिचे काम होते. शाळेच्या फरशीवर ती चालत असे, पण पाराच्या खडबडीत सिमेंटवर जागीच कुरकुरत राहिली. मोटारी खराब निघाल्या, नव्या मागवून द्या, असे मुलांचे माझ्याकडे मागणे होते, कारण सगळे सामान माझ्याच दुकानाच्या पत्त्यावर कुरिअरने आले होते.

सरांना मात्र त्या गाडीचे कौतुक आवरत नव्हते. हे सगळे सामान हजार रुपयांच्या आत आले, यातच रोबोटिक्स सामान्य माणसापर्यंत पोहोचल्याचा पुरावा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 2005 मध्ये इटलीतील इव्रेआ या गावी विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनोचे कार्ड तयार झाले आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला, म्हणूनच आज कोणीही तसे कार्ड बनवू शकतो आणि ते काही शे रुपयांत मिळते, हे त्यांनी मुलांना समजावून सांगितले. 2010 मध्ये अमेरिकेतील विलो गॅरेज या कंपनीच्या पीआर-2 रोबोची किंमत 4 लाख डॉलर होती. 2012 मध्ये रास्पबेरी पाय हा अख्खा संगणक 35 डॉलरला आला आणि 2021 मध्ये त्याच संस्थेचे पिको हे कार्ड 4 डॉलरला मिळू लागले. ‘‘किमतीचा प्रश्न सुटला आहे,’’ सर म्हणाले. ‘‘आता उरला आहे तो फक्त शिकण्याचा.’’

भाऊंनी यावर काहीच उत्तर दिले नाही. ते समोरच्या दुकानात गेले आणि मल्टिमीटर घेऊन आले. त्यांच्या बोटांना वार्निशचा वास कायम असतो आणि दिवसभर तांब्याची तार ओढून अंगठ्याला बारीक चिरा पडलेल्या असतात. त्या बोटांनी त्यांनी मीटरच्या दोन सुया आधी बॅटरीला लावल्या, तेव्हा काटा साडेसात व्होल्टच्या आसपास थांबला. मग गाडी हाताने दाबून धरून त्याच सुया त्यांनी मोटारीच्या टोकांना लावल्या. तिथे साडेपाचच भरले. ‘‘मोटार चांगली आहे,’’ ते म्हणाले, ‘‘दोन व्होल्ट मधल्या मध्ये या लाल कार्डाने खाल्ले.’’ मग त्यांनी कार्डावरच्या काळ्या पत्र्यावर एका मुलाचे बोट टेकवले. पत्रा तापलेला होता.

मी मोबाईलवर त्या लाल कार्डावरच्या चिपचे माहितीपत्रक काढले, तर भाऊंचे निदान अक्षरशः खरे निघाले. एल-298 ही चिप जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांवर चालते, तिच्यात साधारण दोन व्होल्ट वाया जातात आणि ते उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. मॉस्फेट या नव्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरांवर चालणाऱ्या चिपांमध्ये हा तोटा फार कमी असतो. भाऊंनी आर्डुइनोचे नावही त्या दिवशीच ऐकले होते. तरीही त्यांना दोष सापडला, कारण गाडी उघडी होती, तिची प्रत्येक तार दिसत होती आणि सुई लावायला जागा होती. हेच यंत्र बंद डब्यात आले असते, तर मुलांनी चांगल्या मोटारी फेकून नव्या मागवल्या असत्या.

त्या संध्याकाळी सरांचा आणि माझा खरा मतभेद झाला तो शाळांवरून. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रे जोडून पाहण्याच्या शाळेतल्या प्रयोगशाळेला, 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी देशभरात अशा 10,000 लॅब मंजूर झाल्या आणि 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी 50,000 लॅबची घोषणा झाली, हे सर सांगत होते आणि त्यात खोटे काहीच नाही. पण आमच्या शाळेत अशी लॅब नाही, आणि शेजारच्या एका मोठ्या गावातील शाळेत ती आहे, तर तिथले किट मी कुलूपबंद कपाटात पाहिले आहेत. ही शिक्षकांची हौस नव्हे. सामान डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेले असते, तपासणीला एक सेन्सर जरी कमी भरला तरी जबाब शिक्षकाला द्यावा लागतो, आणि मुलाच्या हाती दिलेली वस्तू कधीतरी जळणारच. सरांनी हे नाकारले नाही. मुलांनी एखादी वस्तू जाळली तर ती शिकण्याचा खर्च म्हणून लिहिता आली पाहिजे, यावर आमचे दोघांचे एकमत झाले. शंभर रुपयांची मोटार कपाटात राहिली, तर त्या मुलासाठी ती लाखाचीच असते.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी विषयाला निराळेच वळण दिले. कापूस वेचायला किलोवर मजुरी देतात आणि त्या मजुरीवर गावातल्या कितीतरी बायांचे घर चालते. उद्या वेचणीचा रोबो आला तर त्या कुठे जाणार, असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न मला टाळता आला नाही. आपल्याकडची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, एकदम फुटत नाही, बोंडे मागेपुढे उमलतात, म्हणून तीन-चार वेचे करावे लागतात आणि यंत्राला ते अजून अवघड जाते, असे मी म्हणालो. पण त्याने काकाजींच्या काळजीचे उत्तर मिळत नाही, फक्त ती पुढे ढकलली जाते.

उत्तर वहिनींनी दिले. त्या म्हणाल्या, ‘‘काकाजी, वेचणी राहू द्या बायांकडे. फवारणीचे काय?’’ त्यानंतर पारावर काही क्षण कोणी बोलले नाही. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले, हे आमच्याकडे कोणाला आठवून द्यावे लागत नाही. छातीपर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या माणसाच्या तोंडावरच औषध येते. जे काम करताना माणूस मरतो, ते काम यंत्राकडे जावे यात कोणाचा घास हिरावला जातो, असे वहिनींनी विचारले, आणि काकाजींनी मान हलवली. त्यांची वेचणीबद्दलची शंका मात्र कायम होती आणि ती तशीच राहावी असे मलाही वाटते. कोणते काम यंत्राला द्यायचे, हे यंत्र विकणाऱ्याने ठरवू नये.

सरांनी ड्रोनचे नाव काढले. 2023 मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला गटांना फवारणीच्या ड्रोनसाठी किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये साहाय्य ठरले होते. वहिनींनी त्याचा अभ्यास केलेला होता. गटाने उरलेले पैसे उभे करण्याची त्यांना भीती नव्हती आणि चालवण्याचे प्रशिक्षण घ्यायलाही बाया तयार होत्या. त्यांचा प्रश्न एकच होता: ऐन हंगामात पंखा तुटला किंवा बॅटरी बसली, तर ड्रोन न्यायचा कुठे आणि तोवर अळी थांबेल का? अनुदान खरेदीला मिळते. दुरुस्तीचा खर्च आणि वाया गेलेले दिवस गटाच्याच माथी येतात.

तिसऱ्या संध्याकाळी काकाजी स्वतःहून बोलले, आणि मला वाटते या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाचे तेच होते. तरुणपणी ते वर्ध्याच्या मगन संग्रहालयात अनेकदा जात असत. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेले हे ग्रामोद्योगाचे संग्रहालय आमच्यापासून फार दूर नाही. तिथले चरखे पाहताना त्यांना एका जुन्या बक्षिसाची माहिती मिळाली होती. 1929 मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. यंत्र खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावे, बाईला आठ तास फार न थकता चालवता यावे, तेवढ्या वेळात 16,000 फूट सूत निघावे आणि किंमत 150 रुपयांच्या आत असावी, अशा अटी होत्या. त्यापुढची अट काकाजींनी बोट वर करून सांगितली: यंत्र निदान 20 वर्षे चालले पाहिजे आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

मिळाले नाही म्हणून ती अट चुकीची ठरत नाही. स्वस्त कशाला म्हणायचे, याची इतकी नेमकी व्याख्या मी आजच्या एकाही रोबोच्या जाहिरातीत पाहिलेली नाही. इलेक्ट्रॉनिक यंत्राकडून 20 वर्षांची अपेक्षा जास्त होईल, हे मला कळते. पण 15,000 रुपयांच्या यंत्राला वर्षाला 750 रुपयांच्या आत, तालुक्याच्या ठिकाणीच दुरुस्ती मिळाली पाहिजे, ही मागणी शेतकऱ्याने आणि बचत गटाने खरेदीच्या वेळीच करायला हवी. सुटे भाग बाजारात मिळणारे असावेत, आराखडा खुला असावा आणि माहितीपत्रक मराठीत असावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने भारतीय भाषांत आवाज दिलेले धडे फुकट उपलब्ध करून दिले आहेत. भाऊंसारख्या कारागिराच्या हातात तसे धडे पडले, तर मीटर कसा लावायचा हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 सालीच फॅब लॅब, म्हणजे कोणालाही यंत्रे बनवून पाहता येतील अशी कार्यशाळा, उभी राहिली. डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या या आश्रमात खेड्यातली मुले गावाच्या गरजेची यंत्रे स्वतः बनवत शिकतात. विदर्भात कपाशीच्या प्रत्येक तालुक्याला अशी एक जागा का असू नये, हे मी सरांना विचारले आणि त्यांनीही तोच प्रश्न मला परत विचारला.

तोवर भाऊ आणि दोन्ही मुले पाराच्या कडेला खडूने फवारणीच्या गाडीची आकृती काढत होती. दहा लिटरची टाकी म्हणजे दहा किलोचे ओझे. ते या पिवळ्या मोटारींना ओढवणार नाही, म्हणून भंगारातल्या जीपच्या वायपरच्या दोन मोटारी आणायच्या असे भाऊंनी ठरवले होते. त्या 12 व्होल्टवर चालतात, त्यांच्यात गिअर आधीच असतो आणि ताकद भरपूर. लाल कार्ड त्यांचा करंट सोसणार नाही, तेव्हा मागेपुढे फिरवायला रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, लावू, ते काम मला येते, असे ते म्हणाले. एका मुलाने विचारले की चाके केवढी घ्यायची.

यावर काकाजी पारावरून खाली उतरले. पाऊस झाल्यावर काळ्या मातीत बारीक चाक दोन हातही जाणार नाही, माती चढून गोळा होईल, त्यामुळे चाक रुंद असावे आणि वाफसा आल्याशिवाय गाडी वावरात घालू नये, असे त्यांनी सांगितले. पिकाच्या दोन ओळींमधून डवरा, म्हणजे तण काढायचे बैलाचे अवजार, जिथून जातो तिथून ती गेली पाहिजे, हेही त्यांनी बजावले. मग त्यांनी मुलाच्या हातातला खडू घेतला आणि वाकून, आपल्या डवऱ्याच्या पासेची, म्हणजे पात्याची, रुंदी त्या आकृतीवर आखून दिली.