टेबलावरचा मुद्देमाल आणि कोर्टातला मुद्देमाल

सोलापूरच्या पेपरात हा फोटो काही नवा नाही. ओळीनं लावलेल्या मोटारसायकली, मागं डीबी (गुन्हे शोध) पथकाचे सात-आठ अंमलदार, मधोमध साहेब आणि पुढं काळे बुरखे घातलेले दोघं खाली बसवलेले. 'सराईत चोरटे जेरबंद, आठ दुचाकी हस्तगत.' शाबासकी द्यायलाच पाहिजे, त्यामागं रात्रीची जागरणं असतात. पण त्याच आठ गाड्यांचं पुढं कोर्टात काय झालं, याची प्रेसनोट कधी निघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पोलिसांच्या कामगिरीचं माप तिथं धरलं पाहिजे, पत्रकार परिषदेच्या टेबलापाशी नाही.

दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये ठाण्यागणिक तक्ता मांडला जातो. दाखल किती, उघड किती, प्रलंबित किती, प्रतिबंधक कारवाया किती, समन्स-वॉरंट बजावली किती. फौजदार चावडी असो, जोडभावी पेठ असो की ग्रामीणचं एखादं ठाणं, रकाने तेच. 'उघड' म्हणजे आरोपी निष्पन्न झाला, अटक झाली. दोषसिद्धीचाही रकाना असतो, नाही असं नाही. पण निकाल लागेपर्यंत तपास करणारा फौजदार दोन ठिकाणी बदलून गेलेला असतो, ठाणेप्रमुख तिसराच असतो. त्यामुळं तो रकाना कुणाच्याच अंगाला लागत नाही. अंगाला लागतात ते दाखल आणि उघड हे दोन आकडे. मग माणूस जे करेल तेच होतं: दाखल कमी दिसावं आणि उघड जास्त दिसावं.

दाखल कमी कसं दिसतं? सगळ्यात सोपी वाट मोबाइलची. बाजारात गर्दीत खिशातून फोन गेला, तर ती चोरी आहे. पण अर्जावर 'गहाळ' एवढा एक शब्द लिहिला की गुन्हाच नाही, फक्त नोंद. दुसरी वाट नव्या कायद्यानं आपणहून करून दिली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीची नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे वॉरंटाशिवाय अटक नाही, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही. आता चौदा हजाराला घेतलेल्या दोन वर्षं वापरलेल्या फोनची किंमत किती धरायची? फिर्यादीत '४,५००' लिहिलं तर एनसी (अदखलपात्र नोंद), '६,०००' लिहिलं तर एफआयआर. ठाणे अंमलदारानं "आता त्याला एवढं कोण देतंय ओ" म्हटलं की फिर्यादी मान डोलावतो. म्हणून बिल घेऊन जा, किंमत स्वतः सांगा आणि सहीच्या आधी तो आकडा बघा. मंगळसूत्र हिसकावणं मात्र न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली येतं आणि तिथं किमतीचा प्रश्नच नाही. 'ओढाओढीत पडलं' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून झालंय. आता 'ही आमची हद्द नाही' हेही चालत नाही. सोलापुरात शहर आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक कार्यालय यांच्या सीमेवर वस्त्या वाढल्यात, तिथल्या लोकांना हे वाक्य पाठ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर घ्यायची आणि शून्य क्रमांकानं पुढं पाठवायची.

आता त्या आठ गाड्यांकडं येऊ. मजा खरी तिथं आहे.

आरोपी ताब्यात असताना त्यानं सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर त्याच्या बोलण्याचा नेमका तेवढाच भाग पुराव्यात चालतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. ठाण्यात याला निवेदन पंचनामा किंवा मेमोरंडम म्हणतात. क्रम असा हवा: आधी अटक, मग दोन पंच बोलवायचे, त्यांच्यासमोर आरोपीनं आपल्या तोंडानं सांगायचं, ते त्याच्या शब्दांत लिहायचं, सह्या घ्यायच्या, मग गाडी ठाण्यातून निघायची. आरोपी वाट दाखवेल तसं जायचं आणि वस्तू मिळाली तिथंच जप्ती पंचनामा करायचा. पण बऱ्याचदा गाड्या आधीच शोधून आणलेल्या असतात आणि कागद नंतर होतो. मग स्टेशन डायरीत पथक रवाना झाल्याची वेळ ११.१०, निवेदन संपल्याची वेळ ११.४०, सरकारी जीपच्या लॉगबुकात तिसरीच वेळ. बचावाच्या वकिलाला आणखी काय पाहिजे? त्यात वस्तू कुणालाही जाता-येता दिसेल अशा जागी पडलेली होती असं पंचनाम्यातल्या चतुःसीमेतूनच (जागेच्या चारी बाजूंच्या वर्णनातून) दिसत असलं, तर 'फक्त आरोपीलाच माहीत होतं' हे म्हणणंही गळून पडतं.

आणि पंच. आठ गाड्यांना आठ पंचनामे, पण पंच तेच दोन. तेच दोघं गेल्या वर्षीच्या तीन केसमध्येही. कारण खरा पंच मिळत नाही. यंत्रमागावरच्या किंवा विडी कारखान्यातल्या माणसाला तुम्ही चार तास उभं करता तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी जाते, आणि चार वर्षांनी साक्षीला बोलावता तेव्हा परत जाते. तो कोर्टात "मला फक्त सही करायला सांगितलं होतं" म्हणाला, की आपण त्याला फितूर म्हणून मोकळे होतो. झडती-जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं सक्तीचं झालंय, त्यासाठी पोलिसांचं ई-साक्ष्य अ‍ॅप आहे. यातून पंचाचा प्रश्न बराच सुटू शकतो. अट एकच: चित्रीकरण आरोपी बोलायला लागतो तिथून सुरू व्हावं, गाडीवरची ताडपत्री काढण्यापासून नाही.

चेसी नंबर घासलेला असेल तर घासलेल्या जागेवर रसायन लावून मूळ आकडे उठवता येतात. ते काम प्रयोगशाळेचं. पण ठाण्यात कुणीतरी उत्साहानं पॉलिश पेपर मारून 'बघू दिसतंय का' केलं, की उरलंसुरलंही जातं.

फोटोबद्दल अजून एक. अनोळखी आरोपी असेल तर कारागृहात कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर ओळख परेड होते. बुरखा त्यासाठी असतो, लाजेसाठी नव्हे. पण पेपरला बुरख्याचा फोटो जातो आणि त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उघड्या चेहऱ्याचा फिरतो. फिर्यादीनं तो आधीच पाहिला होता हे उलटतपासणीत निघालं की परेडचा कागद रद्दी.

सीसीटीव्हीचं तर विचारू नका. दुकानातल्या चार कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राला) १ टीबीची हार्ड डिस्क असली, तर रेकॉर्डिंग साधारण आठवडा ते पंधरवडा टिकतं, नंतर त्यावरच नवं चढतं. चोरी सोमवारी, अंमलदार बंदोबस्तावर, फुटेज मागायला माणूस तिसऱ्या आठवड्यात. गेलं. वेळेत गेला तरी पहिलं काम असतं डीव्हीआरचं घड्याळ बघायचं. हमखास दहा-वीस मिनिटं पुढं-मागं असतं. मोबाइलवरची खरी वेळ आणि पडद्यावरची वेळ एकाच फ्रेममध्ये घेऊन पंचनाम्यात फरक लिहिला नाही, तर पुढं सीडीआरशी (मोबाइल कॉल आणि टॉवरच्या नोंदींशी) ताळमेळ बसत नाही: फुटेजमध्ये आरोपी ८.१२ ला नवी पेठेत, टॉवरवर त्याच वेळी बाळे भागात. मग दुकानदाराकडून फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचं नाही. तिथं फाइल दाबली जाते आणि तिचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, बदलतं. पेनड्राइव्हवर मूळ फाइल घ्यायची, तिथंच हॅश काढायचं, आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घ्यायचं. भाग 'अ' यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा. हे प्रमाणपत्र टाळता येत नाही हा निकाल २०२० चा, आणि तो आपल्या शेजारच्या मराठवाड्यातल्या जालन्याच्या निवडणूक वादातूनच आलेला आहे. तरी दोषारोपपत्रात सीडी असते आणि प्रमाणपत्र नसतं, असं होतंच.

सोलापूरचा म्हणून एक खास प्रश्न आहे, त्याची फारशी चर्चा होत नाही. भाषेचा. पूर्व भागात साक्षीदार तेलुगू बोलतो, अक्कलकोट बाजूला कन्नड, कुठं उर्दू. जबाब मात्र मराठीत, आणि तोही अंमलदाराच्या मराठीत: 'सदर इसमाने माझेशी हुज्जत घालून...' अशिक्षित विडी कामगार बाई 'सदर इसम' म्हणत नाही. खाली ठरलेलं वाक्य असतं, 'जबाब वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' कोणत्या भाषेत वाचून दाखवला, दुभाषी कोण होता, एक ओळ नाही. कोर्टात बाई आपल्या भाषेत खरं तेच सांगते, आणि ते जबाबात नाही म्हणून 'ओमिशन' (जबाबात नसलेली, नंतर जोडलेली गोष्ट) ठरतं. खोटं बोलणारी ती ठरते. खरं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करायची सोय आहे. तेलुगू बोलणारी बाई तेलुगूत बोलू द्या, रेकॉर्ड करा, मराठी जबाबात दुभाष्याचं नाव टाका. वीस मिनिटांचं काम आहे.

घटनास्थळ पंचनाम्यातही हाच आळस. संगणकावर जुन्या केसचा मजकूर उघडायचा, नावं बदलायची. मग होटगी रोडवरच्या बंगल्याच्या पश्चिमेला साखर पेठेतलं देऊळ येतं. रात्रीच्या घटनेत रस्त्यावरचा दिवा चालू होता की नाही, तो किती फुटांवर होता, हे लिहिलेलं नसतं. ओळख पटण्याचा सगळा डोलारा त्या दिव्यावर उभा असतो.

हे सगळं अंमलदारांच्या माथी मारणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. जानेवारीत गड्डा यात्रा, आषाढीला पंढरपूर, मध्ये निवडणुका, जयंत्या, मोर्चे, व्हीआयपी. तपासी अंमलदार दहा दिवस वारीच्या बंदोबस्तात उभा राहतो आणि त्याच्या फाइलवरचे दोषारोपपत्राचे ६० दिवस चालूच असतात. ते संपले की आरोपीला जामीन हक्कानं मिळतो. मग ५८ व्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल नसताना दोषारोपपत्र ढकललं जातं. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच प्रकाशसिंग प्रकरणात सांगितलं होतं. ठाण्यात चार माणसं 'फक्त तपास' म्हणून राखून ठेवली, त्यांना बंदोबस्त लावायचाच नाही असं ठरवलं, तर वरच्यातल्या निम्म्या चुका होणार नाहीत असं मला वाटतं.

आणि तक्त्यात एक रकाना वाढवा. प्रत्येक निर्दोष निकालातला तपासावरचा परिच्छेद, त्या तपासी अंमलदाराच्या नावासमोर, तो आज कुठंही नेमणुकीला असला तरी. शिक्षेसाठी नको, वाचून दाखवण्यासाठी. क्राइम मीटिंगमध्ये दहा मिनिटं. कुठली वेळ जुळली नाही, कुठलं प्रमाणपत्र राहिलं, कुठला पंच तिसऱ्यांदा वापरला. चांगल्या तपासाचाही परिच्छेद तसाच वाचावा, कारण न्यायाधीश कधीकधी तेही लिहितात आणि तो फौजदाराला कुणी कळवतही नाही.

फिर्यादींसाठी शेवटचं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या. नोंदच घेत नसतील तर टपालानं आयुक्तांना किंवा अधीक्षकांना लिहा, तिथंही नाही झालं तर दंडाधिकाऱ्याकडं अर्ज. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नं पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा नोंदवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, ९१ व्या दिवशी तपासी अंमलदाराच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.