‘एकालाही न काढता’ म्हणे!

मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेलं फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेलच. जपान एअरलाइन्स बुडाली, तेव्हा ७८ वर्षांचे एक भिक्षू मठातून उठून आले. त्यांनी पगार घेतला नाही, सरकारकडून छदाम घेतला नाही, एकाही माणसाला काढलं नाही आणि निव्वळ संस्कारांच्या जोरावर कंपनी नफ्यात आणली. शेवटी ठळक अक्षरांत: ‘मन लावून काम करणाऱ्याला कंपनी कधीच काढत नाही.’ त्याच ग्रुपवर माझा मावसभाऊ आहे, नुकतीच नोकरी गेलेला. म्हणून हे लिहितोय.

भिक्षू म्हणजे काझुओ इनामोरी. १९९७ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली हे खरं, पण मुळात गडी मुरलेला उद्योगपती. १९५९ मध्ये क्योसेरा ही सिरॅमिक सुटे भाग बनवणारी कंपनी काढली, १९८४ मध्ये टेलिफोनच्या धंद्यात उतरले. पगार घेतला नाही, हेही खरं. मान्य.

सरकारी पैसा? जानेवारी २०१० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकारच्या पाठिंब्यावरच्या पुनरुज्जीवन संस्थेने ३५० अब्ज येन ओतले, देणेकऱ्यांनी ५०० अब्जांहून जास्त कर्जावर पाणी सोडलं. छदाम नाही म्हणे!

आता ‘एकालाही काढलं नाही’. अहो, सुमारे ४८ हजारांतले १६ हजार लोक कमी झाले. तीनातला एक! बहुतेक स्वेच्छानिवृत्तीने किंवा उपकंपन्या विकल्यामुळे गेले. निवृत्त होऊन घरी बसलेल्यांच्या पेन्शनलाही कात्री लागली. एवढं करूनही ३१ डिसेंबर २०१० रोजी १६५ वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांना सरळ बडतर्फ केलं. निवडलं कसं? वय जास्त असलेले आणि आजारपणाच्या रजा झालेले आधी. यात ‘मन लावून काम’ कुठे बसतं, ते मामांनी सांगावं. आणि त्याच आर्थिक वर्षात कंपनीला १८८ अब्ज येनांचा परिचालन नफा झाला.

मी काय म्हणतो ते सोडा. फेब्रुवारी २०११ मध्ये खुद्द इनामोरींनीच पत्रकारांसमोर सांगितलं, की या १६५ जणांना ठेवून घेणं कंपनीला अशक्य नव्हतं. काढलेले लोक कोर्टात गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते हरले, म्हणजे कपात कायदेशीर ठरली. कायदेशीर होती म्हणून ती झालीच नाही, असं होत नाही ना?

राहिले संस्कार. इनामोरींनी अधिकाऱ्यांना बसवून तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्याचा उपयोगही झाला असावा. पण सोबत प्रत्येक मार्गाचा, प्रत्येक विमानफेरीचा जमाखर्च वेगळा मांडायला लावला, म्हणजे कोणती फेरी तोट्यात चाललीय ते लगेच कळायचं. तोट्याचे मार्ग बंद झाले, इंधन पिणारी जुनी ७४७ विमानं गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये शेअर पुन्हा टोकियोच्या बाजारात आले, तेव्हा त्या सरकारी पाठिंब्याच्या पुनरुज्जीवन संस्थेचे पैसे जवळपास दुप्पट होऊन परत आले. माणूस मोठा होताच. फॉरवर्डवाल्याने त्याची हिशेबाची वही गाळून फक्त जपमाळ ठेवली.