‘इतका अनुभवी वैमानिक चुकणे शक्य नाही’: डॉ. भाभांच्या विमानाविषयीच्या दाव्याचा प्रतिवाद

दरवर्षी २४ जानेवारी जवळ आली की एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. १९६६ साली याच दिवशी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत डॉ. होमी भाभा होते. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : विमानाचे कप्तान अत्यंत अनुभवी होते, हा मार्ग त्यांच्या पायाखालचा होता, तेव्हा एवढा प्रचंड पर्वत त्यांना कळला नाही हे संभवतच नाही, विमानाशी संपर्क अचानक तुटला, म्हणजे आत स्फोट झाला, सीआयएच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे तशी कबुलीच दिली, आणि लाल बहादूर शास्त्रींच्या निधनानंतर अवघ्या तेरा दिवसांत भाभा जावेत हा योगायोग असू शकत नाही.

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांची भावना मी समजू शकतो, कारण भाभांचे असे अचानक जाणे आजही चटका लावते. पण ज्यांच्याविषयी इतका आदर आहे, त्यांच्या मृत्यूची हकीकत तरी नीट तपासून सांगावी, एवढी अपेक्षा गैर नाही. म्हणून या दाव्यातील एकेक मुद्दा पाहू.

पहिला मुद्दा वैमानिकाच्या अनुभवाचा आहे आणि सर्वाधिक लोकांना तोच पटतो, त्यामुळे त्यावर थोडे थांबायला हवे. कप्तान अनुभवी होते, हे मला मान्यच आहे. प्रश्न असा आहे की त्या सकाळी त्यांच्यापाशी नेमकी कोणती माहिती होती. विमान मुंबईहून दिल्ली आणि बैरूतमार्गे जिनिव्हाकडे निघाले होते. त्या काळी आल्प्सवरून जाताना आपण नेमके कोठे आहोत हे ठरवण्यासाठी व्हीओआर या जमिनीवरील रेडिओ केंद्रांचा आधार घेतला जाई. एका केंद्रापासून आखलेल्या रेषेवरून विमान चालवायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या केंद्राची दिशा पाहायची. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात ते आपले ठिकाण. त्यासाठी विमानात दोन रिसीव्हर असतात. ‘कांचनजंगा’च्या दोनपैकी एक रिसीव्हर बैरूतहून निघतानाच नादुरुस्त होता आणि कप्तानांना ते ठाऊक होते. एकच रिसीव्हर उरला की तो आलटून पालटून दोन केंद्रांवर लावावा लागतो, किंवा वेळ आणि वेग यांच्या अंदाजावर विसंबावे लागते. अंदाज करायला अनुभव नक्कीच उपयोगी पडतो, पण अंदाज तो अंदाजच.

आता त्या शेवटच्या मिनिटांकडे पाहा. स्थानिक वेळेनुसार सकाळचे आठ वाजत होते, म्हणजे जानेवारीत त्या भागात नुकता कुठे सूर्य उगवण्याची वेळ. जिनिव्हाच्या नियंत्रकाने विमानाला १९,००० फुटांच्या पातळीवर राहायला सांगितले होते, आणि ढगांच्या हजार फूट वरून, डोळ्यांनी पाहत उतरता येत असेल तरच त्याखाली येण्याची मुभा दिली होती. कप्तानांनी ते मान्य केले आणि आपण माँ ब्लाँला बाजूला ठेवून पुढे जात आहोत, असे कळवले. नियंत्रकाला रडारवर दिसत होते की विमान अजून तिथवर पोचलेले नाही. त्याने चूक ओळखली आणि ती सुधारण्यासाठी तो म्हणाला, ‘यू हॅव फाइव्ह माइल्स टु द माँ ब्लाँ.’ विमानातून उत्तर आले, ‘रॉजर’, म्हणजे ‘समजले’. त्यानंतर विमान खाली येऊ लागले आणि १५,५८५ फुटांवर, शिखराच्या किंचित खाली, खडकावर आदळले. माँ ब्लाँची उंची ४,८०७ मीटर, म्हणजे सुमारे १५,७७० फूट आहे. विमान १९,००० फुटांवरच राहिले असते तर ते शिखरावरून तीन हजारांहून अधिक फूट उंचीने सुखरूप पार झाले असते.

नियंत्रकाचे ते वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचा. त्याला म्हणायचे होते की पर्वत अजून तुमच्या पुढे पाच मैलांवर आहे. परंतु पर्वत आपल्या बाजूला आला आहे, अशी ज्याची आधीच खात्री झाली आहे, त्याच्या कानाला तेच वाक्य ‘माँ ब्लाँ तुमच्यापासून पाच मैलांवर आहे’ असेही ऐकू येऊ शकते. पुढे की मागे की बाजूला, हे त्या वाक्यात नाही. ‘तुम्ही अजून पर्वत ओलांडलेला नाही, खाली येऊ नका’ असे शब्द वापरले गेले असते तर गैरसमजाला जागा उरली नसती. पाच मैल म्हणजे जेट विमानाला सुमारे एका मिनिटाचे अंतर. पुन्हा विचारून खात्री करून घेण्याइतकाही अवधी तिथे नव्हता. फ्रेंच चौकशी आयोगाने सर्वांत संभाव्य कारण म्हणून हेच नोंदवले : एक रिसीव्हर बंद असताना कप्तानांनी माँ ब्लाँच्या संदर्भात आपले स्थान चुकीचे ठरवले, नियंत्रकाने ती चूक हेरली, पण पुरेशा नेमक्या शब्दांअभावी त्याने केलेली दुरुस्ती कप्तानांपर्यंत बरोबर पोचली नाही. आयोगाने ‘सर्वांत संभाव्य’ असा शब्दप्रयोग केला आहे, ‘निर्विवाद’ असा नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

अनुभवी वैमानिकाच्या हातून अशी चूक होते का? होते, आणि त्याचे दाखले विमानवाहतुकीच्या इतिहासात जागोजागी आहेत. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मरण पावले, तेव्हा उड्डाणाची परवानगी मिळाली असे समजून निघालेले केएलएमचे कप्तान त्या कंपनीत इतर वैमानिकांना जंबो चालवायला शिकवणारे होते. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचे एक विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९२ जण गेले. तिथेही ‘उतरण्याच्या मार्गाला परवानगी आहे’ या नियंत्रकाच्या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी ‘आता खाली यायला हरकत नाही’ असा घेतला होता. जमीन जवळ येताच धोक्याची सूचना देणारे यंत्र अमेरिकेत सक्तीचे झाले ते त्या अपघातानंतर. १९६६ साली ‘कांचनजंगा’च्या कॉकपिटमध्ये असे ओरडून सांगणारे काही नव्हते.

माँ ब्लाँपुरते बोलायचे तर आणखी एक दाखला आहे आणि त्याचा संदेशात उल्लेखही नसतो. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान, मुंबईहून जिनिव्हामार्गे लंडनला जात असता, याच पर्वताच्या, ‘कांचनजंगा’ जिथे आदळले त्याच तूर्नेत नावाच्या खडकांच्या परिसरात आदळले होते. त्यात ४८ जण मरण पावले आणि प्रवाशांपैकी बहुतेक भारतीय खलाशी होते. त्यांच्यात कोणी अणुशास्त्रज्ञ नव्हता, म्हणून त्या अपघातामागे कट शोधायची गरज कोणाला वाटली नाही. जिनिव्हाकडे उतरण्याच्या वाटेवर युरोपातील एवढा उंच पर्वत उभा आहे, हे दोन्ही वेळी सारखेच खरे होते.

याच मुद्द्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण संदेशाला उत्तर देणारे काही जण ‘पायलटची चूक होती, विषय संपला’ असे म्हणून मोकळे होतात. तेही मला तितकेच अमान्य आहे. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी न्यूझीलंडचे एक विमान अंटार्क्टिकातील एरेबस पर्वतावर आदळून २५७ जण गेले. पहिल्या चौकशीने वैमानिकांवर ठपका ठेवला. पुढे न्यायमूर्ती पीटर माहोन यांच्या आयोगाने दाखवून दिले की विमानाच्या संगणकातील मार्ग वैमानिकांना न सांगता बदलला गेला होता. मृतांच्या कुटुंबांची सरकारने माफी मागितली ती २०१९ मध्ये, चाळीस वर्षांनी. ‘कांचनजंगा’च्या बाबतीतही नादुरुस्त रिसीव्हर घेऊन विमान निघते, नियंत्रकाचे शब्द अपुरे पडतात आणि कप्तानांचा अंदाज चुकतो, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ११७ माणसे गेली. चूक झाली म्हणजे माणूस अडाणी ठरत नाही. कप्तानांचा मान राखण्यासाठी बॉम्ब शोधून काढण्याची गरज नाही.

दुसरा मुद्दा अचानक तुटलेल्या संपर्काचा. पर्वतावर आदळणाऱ्या विमानाचा संपर्क अचानकच तुटतो. त्यात स्फोटाची खूण कुठली? बॉम्बने पडलेली एअर इंडियाची विमाने दुर्दैवाने आपल्याला माहीत आहेत, त्यांच्याशी तुलना करून पाहावी. ११ एप्रिल १९५५ रोजी ‘काश्मीर प्रिन्सेस’मध्ये हाँगकाँगला ठेवलेला बॉम्ब समुद्रावर असताना फुटला, वैमानिकांनी संकटाचा संदेश दिला, तिघे जण वाचले आणि समुद्रातून काढलेल्या अवशेषांत घड्याळी यंत्रणेचे भाग मिळाले. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ ३१,००० फुटांवर हवेतच फुटले आणि ३२९ जण मरण पावले. ‘कांचनजंगा’ मात्र नियंत्रकाशी शांतपणे बोलत खाली येत होते. बॉम्ब मानायचा तर असेही मानावे लागते की तो नेमका अशा क्षणी फुटला, जेव्हा स्फोट झाला नसता तरीही विमान काही सेकंदांत खडकावर आदळणारच होते.

तिसरा मुद्दा ‘कबुली’चा. ती ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते रॉबर्ट क्रोली सीआयएचे खरोखरचे अधिकारी होते आणि त्यांचे निधन २००० साली झाले. त्यांच्याशी फोनवर झालेली म्हणून जी संभाषणे सांगितली जातात, ती त्यांच्या मृत्यूनंतर एका टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने छापली. त्यांतच विमानाच्या सामानाच्या कप्प्यातील बॉम्बचा उल्लेख येतो. याच लेखकाने हिटलरच्या गेस्टापोचा प्रमुख म्यूलर युद्धानंतर अमेरिकेच्या सेवेत होता, असे ‘पुरावे’ही प्रसिद्ध केले आहेत आणि इतिहासकारांनी ते स्वीकारलेले नाहीत. जो माणूस ‘हे मी म्हटले नाही’ असे सांगायला हयात नाही, त्याच्या तोंडी घातलेले वाक्य कबुली ठरत नाही. मराठीत आपण त्याला ऐकीव गोष्ट म्हणतो.

इथे कोणी म्हणेल की सीआयएने कधी कोणाला मारायचा कट केलाच नाही का? केला आहे, आणि ते लपलेलेही नाही. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने १९७५ च्या अहवालात क्युबाचे फिडेल कॅस्ट्रो आणि काँगोचे नेते पॅट्रिस लुमुम्बा यांच्याविरुद्धचे कट सविस्तर मांडले. त्यात भाभांचा उल्लेख नाही. उल्लेख नाही म्हणून ते घडलेच नाही, असा उलटा तर्क मी करणार नाही; परंतु एका ठिकाणी केलेला गुन्हा दुसऱ्या ठिकाणच्या गुन्ह्याचा पुरावा होत नाही, हे तरी सर्वांनी मान्य करावे.

चौथा मुद्दा हेतूचा. भाभा गेले तर भारताचा अणुकार्यक्रम थांबेल, असे अमेरिकेला वाटले म्हणून हे घडवले, असे संदेश सांगतो. भाभांचे मोठेपण मान्य करूनही म्हणावे लागते की तो कार्यक्रम एका माणसाच्या बॅगेत नव्हता. तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ पासून आणि ‘सायरस’ ही दुसरी १९६० पासून चालू होत्या, वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन स्वतः शास्त्रींनी जानेवारी १९६५ मध्ये केले होते, आणि भाभांनी घडवलेली होमी सेठना व राजा रामण्णा यांच्यासारखी माणसे तिथेच होती. १८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला स्फोट झाला तो याच लोकांच्या हातून. शास्त्रींच्या मृत्यूनंतर तेरा दिवस, हा हिशेब बरोबर आहे. पण ज्या दिवशी ‘कांचनजंगा’ कोसळले त्याच दिवशी इंदिरा गांधींचा शपथविधी झाला, आणि तारखा जुळवून कट उभा करायचाच म्हटले तर तिथूनही करता येईल.

राहिला तो हिमनदीतून बाहेर येणाऱ्या वस्तूंचा विषय. २०१२ मध्ये बोसाँ हिमनदीवर परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी सापडली, तेव्हा तिच्यात गुप्त अणुकागद असल्याची आवई उठली होती. प्रत्यक्षात निघाली ती जानेवारी १९६६ ची वर्तमानपत्रे आणि एअर इंडियाचे कॅलेंडर. २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी छापलेले अंक मिळाले, भिजलेले पण वाचता येण्याजोगे. कागद शाबूत राहिले म्हणून स्फोट झालाच नव्हता, असे मी म्हणणार नाही, कारण कागदावरून ते ठरत नाही. स्फोट ठरतो धातूवरून. पत्रा कसा वाकला, कडा कशा फाटल्या, त्यावर रसायनांचे अंश आहेत का, हे तज्ज्ञ प्रयोगशाळेत पाहतात. ती हिमनदी अजूनही विमानाचे तुकडे खाली आणून टाकते आहे. त्यांतल्या एखाद्या पत्र्यावर तशी खूण सापडली, किंवा एखाद्या सरकारी दप्तरातून अस्सल कागद बाहेर आला, तर हा प्रतिवाद मी जाहीरपणे मागे घेईन. तोपर्यंत २४ जानेवारीला तो संदेश पुढे पाठवणाऱ्याला मी एवढेच विचारीन की नियंत्रकाचे ते एक वाक्य त्याने कधी वाचले आहे का.