स्थळ पसंत पडलं, आता महिना बघा

आपल्याकडे स्थळं दोन प्रकारची. एक सांगून येतं, दुसरं आपण बघायला जातो. बायोडाटात दोन्ही एकाच कागदावर असतात: उंची, शिक्षण, पगार, शेती किती, आणि सगळ्यात खाली 'छंद : प्रवास'. हल्ली ज्याला त्याला हाच छंद. मग मुलगा-मुलगी गच्चीवर बोलायला गेली की "लग्नानंतर कुठं जायचं?" हा विषय निघतो आणि यादी तयार होते. काश्मीर, लडाख, मालदीव, स्वित्झर्लंड. यादीबद्दल तक्रार नाही. पण त्यात महिना कुठंच लिहिलेला नसतो, आणि महिन्याशिवाय ठिकाण म्हणजे तारखेशिवाय छापलेली लग्नपत्रिका.

म्हणून माझं मत: जोडीदारासोबतच्या स्वप्नातल्या ठिकाणांची यादी पंचांग पुढ्यात घेऊन करावी. आपल्याकडे लग्नं कधी होतात, कधी थांबतात हे ठरलेलं असतं, आणि कुठलं ठिकाण कधी बघावं हेही. दोन्ही जुळवलं की अर्धी यादी आपोआप गळते आणि जी उरते ती जमण्यासारखी असते.

सुरुवात घरापासून करू. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि लग्नं थांबतात ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. (काढीव मुहूर्त सोडून द्या.) म्हणजे उन्हाळ्यात साखरपुडा झालेली जोडी चार महिने नुसती फोनवर. नेमकं याच दिवसांत साताऱ्याजवळचं कास पठार फुलतं. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि बहुतेक वर्षी सप्टेंबरच्या मधल्या पंधरवड्यात सगळ्यात भरात. त्यामुळे कास हनिमूनच्या यादीत घालणं हीच मुळात चूक. ते ठरलेल्यांचं, अजून अक्षता न पडलेल्यांचं ठिकाण आहे. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटर. सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी, त्यामुळे घरातूनही फार प्रश्न येत नाहीत. धाकटी बहीण सोबत दिली जाईल, ते धरून चाला.

तारीख कशी ठरवायची? "गणपती उठले की जाऊ" हा हिशेब चालत नाही, कारण गणपती तिथीनं सरकतो आणि फुलं पावसानं. पाऊस लांबला, की हंगामही पुढं जातो. शिवाय सगळं पठार एका दिवशी एका रंगाचं होत नाही. आधी चवर येते, मग गेंदाचे पांढरे गोंडे, तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा, एकमेकांत मिसळत. हंगामात प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन करावं लागतं आणि दिवसाच्या माणसांना मर्यादा असते. शनिवार-रविवार घेतलात, तर फुलांपेक्षा घाटातल्या गाड्यांचे मागचे दिवे जास्त बघाल. मंगळवार-बुधवार रजा टाका आणि सातला घर सोडा.

पोचल्यावर पहिल्यांदा हमखास निराशा होते. फोटोत गालिचा, समोर नुसतं ओलं गवत. कारण कासची मजा उभं राहून नाही, उकिडवं बसून आहे. खाली सगळा जांभा, त्याच्यावर माती कुठं बोटभर, कुठं वीतभर. झाडाला मूळ धरायला जागा नाही, पावसाचं पाणी साचून राहतं आणि मातीतलं होतं-नव्हतं सत्त्व धुऊन जातं. अशा जागी तगायचं तर वाकडी वाट धरावी लागते. सीतेची आसवं हे नखाएवढं जांभळट निळं फूल दिसायला अगदी बापुडवाणं, पण खाली ओल्या मातीत त्याला बारीक फुगे असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरचे थेंब दवाचे नसतातच. तो चिकट रस, चिलटं धरायचा. सोबतीच्या माणसाला हे शोधून दाखवण्यात जो अर्धा तास जातो, तो कुठल्याही पॉइंटवर जात नाही. राजमार्गानं चालत कुमुदिनी तळ्यापर्यंत गेलात, तर पांढऱ्या पाकळ्यांवरची केसाळ झालर जवळून बघा.

बिघडतं कुठं, तर पायात आणि हातात. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, गुळगुळीत तळाची सँडल हमखास दगा देते. छत्री वाऱ्यात उलटी होते, रेनकोटच घ्या. आणि पायवाट सोडून आत शिरून फुलांत लोळण घेत फोटो काढणाऱ्यांना काय म्हणावं? वीतभर मातीवर एक पाऊल पडलं, की पुढच्या वर्षीचं बी त्याच्याखाली दडपतं. २०१२ साली हे पठार पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलं. कुणाच्या प्रीवेडिंगसाठी नक्कीच नाही.

दिवाळी झाली, मुहूर्त डिसेंबरचा किंवा पुढचा असेल, तर मध्ये एक दिवस कोयनेच्या जंगलातल्या वासोट्याचा काढा. हा किल्ला पावसाळ्यात बंद असतो. तो उघडल्यानंतर नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ: जंगल अजून हिरवं, पाय घसरत नाही, ऊन सोसतं. ताई तेलिणीनं पेशव्यांच्या बापू गोखल्याविरुद्ध लढवला तो हाच किल्ला. ती औंधच्या प्रतिनिधींची प्रेयसी, त्यामुळे या यादीत तो का बसतो हे वेगळं सांगायला नको.

दोघांनीच जायचं ठरवणाऱ्यांचा पहिला हिशेब बोट सुटते त्या बामणोलीतच चुकतो. इथं बोट माणशी मिळत नाही, अख्खी ठरवावी लागते. दोघांनी घेतली, तर आठ-दहा जणांचं भाडं दोघांच्या डोक्यावर. त्यामुळे चुलत-मावस भावंडं, मित्र गोळा करा. मेव्हणे मंडळी अशा वेळी कामाला येतात. ओळखपत्रं सगळ्यांची हवीत, वनखात्याची परवानगी लागते.

आता वेळेचं गणित करा. शिवसागर जलाशयातून पायथ्यापर्यंत बोट साधारण दीड तास. चढाई दोन तास. वर बाबुकडा, महादेवाचं देऊळ, डबा, यात एक तास. उतराई दीड, परतीची बोट पुन्हा दीड. झाले साडेसात तास. म्हणजे साडेनऊला बोट सुटली, तरच पाचला परत, आणि गडावर किंवा जंगलात मुक्काम करता येत नाही. पुण्या-मुंबईची मंडळी रात्रभर गाडी चालवून अकराला बामणोलीत उतरतात आणि मग अर्ध्या वाटेवरून मागं फिरतात. आपण सातारकर असून तेच करत असू, तर काय उपयोग? जंगलात शिरताना प्लास्टिक मोजून लिहून घेतात, तेवढंच परत आणून दाखवायचं. तेव्हा वेफरची पाकिटं कमी, भाकरी-चटणी फडक्यात बांधून. पाणी माणशी तीन लिटर. आणि घरी आधीच सांगून ठेवा, की दिवसभर फोन लागणार नाही. नाहीतर लग्नाआधीच शोधाशोध सुरू होईल.

चढताना सगळेच गोड बोलतात, हे लक्षात घ्या. खरा माणूस उतरताना कळतो, गुडघे बोलायला लागतात आणि खाली बोटवाला घाई करत असतो तेव्हा.

आता लग्नानंतरचं. डिसेंबर-जानेवारीचं लग्न असेल, तर सांगली-मिरजेकडच्यांनी विमानाचे दर बघायच्या आधी हंपी बघावं. मिरजेवरून हरिप्रिया एक्स्प्रेस बेळगाव, हुबळी, गदग करत थेट होसपेटला जाते. दुपारी बसायचं, सोबत सांगलीचं भडंग, रात्री होसपेट. गाडी बदलायची भानगड नाही. पण तिकीट काढताना आपली मंडळी एक गोष्ट विसरतात: लग्न लागलं म्हणजे सुटका नसते. मांडवपरतणी, सत्यनारायण, पालीचा नाहीतर जेजुरीचा खंडोबा, जागरण-गोंधळ, मग पाहुण्यांकडची जेवणं. लग्नानंतरचे किमान सहा दिवस सोडून पुढची तारीख धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून ठेवा.

होसपेटहून हंपी १३ किलोमीटर, बस आणि रिक्षा भरपूर. दोन पूर्ण दिवस लागतातच. तिकिटाची एक खुबी आहे: विठ्ठल मंदिर आणि कमळमहालाचा जनाना भाग यांचं तिकीट एकच, आणि ते त्याच दिवशी चालतं. त्यामुळे दोन्ही एका दिवशी घ्या. उघडताच विठ्ठल मंदिर, कारण तो दगडी रथ, ५० रुपयांच्या नोटेवरचा, नऊनंतर माणसांत बुडतो. शेवटचा टप्पा बॅटरीच्या गाडीनं किंवा चालत. संगीत खांब वाजवून बघायला आता मनाई आहे. वाजवू देतो म्हणणारा कुणी भेटला, तर ऐकू नका. दुपारी उन्हाच्या तडाख्यात जेवण आणि झोप, तीननंतर कमळमहाल, हत्तीशाळा. संध्याकाळी हेमकूट टेकडी: चढ सोपा, विरूपाक्षाचं गोपूर खाली, समोर मावळतं ऊन. मातंग टेकडीचा सूर्योदय जास्त भारी, पण अंधारात दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. तिथं दोघांनीच जाऊ नका, वाटाड्या किंवा चार माणसं सोबत घ्या आणि बॅटरी न्या. मार्चनंतर मात्र हंपीचं नाव काढू नये. ते ग्रॅनाइटचे धोंडे दिवसभर तापतात आणि सूर्य मावळल्यावरही ऊब सोडत बसतात. मेमधली हंपी म्हणजे तव्यावरची भाकरी.

मेमध्ये लग्न असेल, तर वर जा. लेह. पण इथं जोडपी हटकून फसतात. सातारा साधारण ७०० मीटरवर, आपलं महाबळेश्वरही १,४०० च्या आत. लेह ३,५०० मीटर. विमान दिल्लीहून तासा-दीड तासात तिथं उतरवतं, शरीराला कळायच्या आत. त्यात आठ दिवसांचं जागरण, हळद, वरात, पाठवणीचं रडणं. मग पहिल्याच दुपारी बाजार फिरायला निघायचं, रात्री डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, आणि मधुचंद्राची पहिली रात्र दवाखान्यात ऑक्सिजन लावून जाते. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी प्यायचं, दारूला हात लावायचा नाही. अंघोळीचीही घाई नको. खारदुंग ला ही खिंड (५,३५९ मीटर) तिसऱ्या दिवसाच्या आधी नाही. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून, व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्यानं नव्हे. डोकेदुखी वाढत चालली, तोल जायला लागला, की उपाय एकच: खाली उतरणं. आणखी एक, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही. दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

बाकीच्या यादीवर भरभर. श्रीनगरची ट्यूलिप बाग मार्चअखेरपासून जेमतेम तीन-चार आठवडे उघडी असते, मेमध्ये तिथं ट्यूलिप मागू नका. गुलमर्गच्या गोंडोल्याची, म्हणजे रोपवेची तिकिटं ऑनलाइन संपतात, हॉटेलच्या आधी ती बघा. अंदमानात डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्या सवयीनं चार वाजता आवरायला घेतलंत, तर समुद्रावर अंधारात पोचाल. मालदीवला बेटावर नेणारी सी-प्लेन फक्त उजेडी उडतात. विमान संध्याकाळी उतरलं, तर एक रात्र राजधानी मालेत जाते आणि त्या रात्रीचं वेगळं बिल. शिवाय बेटापर्यंतच्या या प्रवासाचे पैसे खोलीच्या दरात बहुतेक वेळा धरलेले नसतात, आधी विचारा. आणि मे ते ऑक्टोबर तिथंही पावसाळाच.

राहिलं स्वित्झर्लंड. त्याच्या बर्फापेक्षा त्याचे कागद अवघड. त्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण १५ वर कुणी भरवसा ठेवू नये. ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो, आणि बँकेचं स्टेटमेंट लागतं. अर्जाच्या आठवड्यात मामानं टाकलेले पाच लाख बघणाऱ्याला लगेच दिसतात.

आणि खरी गोची नावाची. आपलं नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, वडलांचं, आडनाव. लग्नानंतर मधलं आणि शेवटचं दोन्ही बदलायची पद्धत. पत्रिकेत नवं नाव छापून झालेलं असतं, दीर किंवा नणंद हौसेनं विमानाचं तिकीटही त्याच नावानं काढते, आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा. विमानतळावर हे दोन कागद जुळत नाहीत, आणि तिथं मंगळसूत्र दाखवून काम होत नाही. तेव्हा व्हिसा, तिकीट, विमा, हॉटेल, सगळं पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडलांच्या नावासकट, स्पेलिंगसकट. नाव बदलायचं की नाही हे तिचं तिनं ठरवावं. बदलायचंच असेल, तर विवाहनोंदणी लगेच करून दाखला घेऊन ठेवा, आणि पासपोर्टचा अर्ज परत आल्यावर टाका. निघायच्या महिनाभर आधी तो पासपोर्ट ऑफिसात अडकला, तर पुढची सगळी बुकिंगं गेली.