ट्रम्पेटला तेल घालावं कुठलं?

गेल्या डिसेंबरात अनगोळच्या एका वरातीत माझ्या ट्रम्पेटच्या बोटाने दाबायच्या तीन व्हॉल्व्हांपैकी मधला खाली गेला तो वर आलाच नाही. रात्रीचे दहा, बेळगावची बोचरी थंडी, नवरदेव घोड्यावर आणि मी नखाने व्हॉल्व्ह उपसतोय. मधला व्हॉल्व्ह दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. तो दाबलेलाच राहिला तर काही सूर जागेवर लागतात, काही घसरतात. गाणं ओळखू येतं खरं, तापातून उठल्यासारखं. घोड्याने दोनदा मान वळवून बघितलं.

दोष खोबरेलाचा. आदल्या दिवशी मीच ते सढळ हाताने घातलं होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. थंडीत न्हाणीतली बाटली उन्हात ठेवल्याशिवाय ओतत नाही, हे बघत बघत मी पन्नाशीला आलो. खरं पितळेच्या नळीतही ते थिजणारच, हे कळायला वरात लागली.

दिवसा मी एका सोसायटीत कॅशियर. ट्रम्पेट हा लग्नसराईपुरता आजार. पण त्या रात्रीपासून गल्लीत ज्याच्या घरात ट्रम्पेट नाही अशा प्रत्येकाकडे ट्रम्पेटसाठी एक तेल निघालं. सायकलवाल्याने ग्रीस सुचवलं. शेजारच्या काकूंनी एरंडेल दिलं, वर 'पोटालाही चांगलं' म्हणाल्या. आमच्या बँडमास्तरांचा विश्वास थुंकीवर. ते पिस्टन, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला वरखाली होणारा दट्ट्या, काढतात, जिभेवरून फिरवतात आणि परत घालतात. त्यानंतर त्यांच्या ट्रम्पेटला कोणी हात लावत नाही, हा जादाचा फायदा. मी बायकोच्या शिलाई मशीनचं तेल गुपचूप घातलं. पिस्टन हलले, पण सरकारी फाईल हलते तसे.

मग ठरवलं, खरंखुरं व्हॉल्व्ह ऑइलच मागवायचं. ऑफिसातल्या कानडी मित्राला माझ्या मोडक्या कानडीत सांगितलं, "ट्रम्पेटगे एण्णे बेकु." कानडीत एण्णे म्हणजे तेल. संध्याकाळी सहानंतर एण्णे म्हणजे दारू. घड्याळात सव्वासहा झाले होते.

"किती पाहिजे?" तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला.

"साठ मिली."

"म्हणजे एक लार्ज. कितीला?"

"सातशे."

"सातशे? एका लार्जला? अहो सर, चोर्ला घाट उतरला की गोवा. तेवढ्यात अख्खा खंबा येतोय की!"

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर असल्यामुळे गल्लीगणिक एखादे रिटायर्ड मामा सापडतात, खरं लष्करी बँडमधले मामा मिळणं म्हणजे नशीब. आमच्या गल्लीतल्या मामांनी माझा पिस्टन काढून नाकाशी धरला.

"खोबरेल," ते म्हणाले. "मशीनचं तेल. आणि हे तिसरं काय रे?"

तिसरी थुंकी होती, तीही माझीच. मी गप्प बसलो.

मग मामांनी शिकवणीच घेतली. चांगल्या ट्रम्पेटात पिस्टन आणि त्याच्या नळीमधली फट केसाहून बारीक असते. तेलाने पिस्टन नुसता घसरायचा नसतो, ती फट भरायचीही असते. नाहीतर फुंक तिथेच गळते. नवा, घट्ट बसलेला पिस्टन असेल तर पातळ तेल, झिजलेला असेल तर जरा दाट. खनिज तेल स्वस्त आणि चपळ, पण रॉकेलसारखं वास मारतं आणि लवकर उडून जातं. सिंथेटिक महाग, खरं टिकाऊ. आधीचं धुऊन-पुसून काढल्याशिवाय दुसरं घालायचं नाही. आणि पुढेमागे सरकणाऱ्या नळीला, म्हणजे स्लाइडला, तेल नाहीच, तिथे ग्रीस. थोडक्यात तेल व्हॉल्व्हला, तूप स्लाइडला. धुपाटणं माझ्या हाती आधीपासून होतंच.

माझा ट्रम्पेट मेरठचा, दोन बँडांत झिजून माझ्याकडे आलेला. यामाहाचं तेल लाइट, रेग्युलर आणि विंटेज अशा तीन दाटपणांत मिळतं. मी विंटेज मागवलं.

"बरोबर," बायको म्हणाली. "तुम्हाला शोभतंय."

बाटली आली त्या दिवशी मी आंघोळ करून बसलो. पिस्टन धुतले, जुन्या बनियनने पुसले, तीन-तीन थेंब घातले. मऊ, बिनआवाजी, सुळकन वरखाली! ट्रम्पेट ओठाला लावून फुंकलो. काहीच नाही. पुन्हा फुंकलो. गाल फुगले, कान तापले, शेजारच्या काकू खिडकीत आल्या, खरं ट्रम्पेटातून चकार शब्द नाही. आत एरंडेलाची आठवण आली.

मामा आले, त्यांनी पिस्टन उपसले आणि माझ्यापुढे धरले. प्रत्येकावर आकडा कोरलेला असतो, १, २, ३. जागा चुकली की आतली भोकं जुळत नाहीत आणि वारा अडतो. मी एकच्या जागी तीन घातला होता.

"सोसायटीत काय करतोस रे तू?" मामांनी विचारलं.

परवा रविवारी दुपारी आडवा झालो होतो. आतल्या खोलीत शिलाई मशीन चालत होती, पण नेहमीची खडखड नव्हती.

"अहो," बायको आतून म्हणाली, "आमच्या मशीनचं तेल कोणी संपवलं कुणास ठाऊक. म्हणून तुमचं ते विंटेज घातलं. लई भारी आहे हं, बघा कशी पळतेय!"

मी बाटली उजेडात धरून बघितली. एक स्मॉलसुद्धा उरलं नव्हतं.