तो ओला फडका आधी खाली ठेवा

सकाळपासून एकच व्हिडिओ तीन ग्रुपवर येऊन गेला. जुना वाडा, माजघराची भिंत, तिच्यावर पेशवाईतलं चित्र आणि एक गृहस्थ साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं ते पुसतायत. खाली प्रतिक्रिया काय, तर ‘व्वा, किती उजळलं!’ अहो, फडक्याकडे बघा ना. तांबडा झालाय तो. पगडीचा रंग आहे!

आपल्या वाड्यांतली बरीचशी चित्रं सुक्या गिलाव्यावर, डिंकात नाहीतर सरसात कालवलेल्या रंगांनी काढलेली. डिंक पाण्यानं सुटतो. राजस्थानातल्या शेखावाटीत हवेल्यांच्या बाहेरची जुनी चित्रं उन्हापावसात टिकली, कारण तिथे रंग ओल्या चुन्यात भरलाय आणि चुना घट्ट होताना रंगालाही धरून ठेवतो. तिथलं बघून इथे बादली उचलायची नसते. शिवाय साबणातला सोडा भिंतीतच राहतो. भिंत वाळली की क्षार वर येतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. आज उजळलेली पगडी वर्षा-दोन वर्षांत जमिनीवर.

आणि हे सगळं म्हणे ‘गावात पर्यटन वाढावं म्हणून’. वाढवा की! वाईचंच घ्या. नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा तिथून जेमतेम 3 किलोमीटर. गाड्या मात्र पसरणी घाट चढून थेट पाचगणीला. मेणवलीत वळलेला माणूस नदीच्या घाटावर फोटो काढतो आणि निघतो. त्याला वाड्यातल्या चित्रांसाठी दोन तास थांबवलंत तर तो वाईत जेवेल, मुक्काम केला तर सकाळचे पोहेही वाईतलेच. पण त्यासाठी चित्र जुनंच हवं. ऑइलपेंटनं चकचकीत केलेला गणपती बघायला कोण वाट वाकडी करतंय? तो कुठल्याही मंगल कार्यालयात दिसतो.

कमेंटमध्ये एकानं कॅनडातल्या शमेनस गावाचा दाखला दिलाय. दाखला चांगलाय, लावलाय चुकीचा. लाकडाच्या गिरणीवर जगणारं ते गाव. 1982 मध्ये भिंतींवर गावाचा इतिहास रंगवायला सुरुवात झाली, पुढच्याच वर्षी गिरणी बंद पडली, आणि चित्रांनी गाव सावरलं. पण ती चित्रंच नवी होती. विटली की पुन्हा रंगवता येतात. आपली पगडी पुन्हा रंगवली की ती आजची पगडी.

पैसा हातात आला की पहिला खर्च छपरावर. कौलं, पन्हळी, वाशांची टोकं. मग भिंतीच्या पायथ्याचं सिमेंट हातछिन्नीनं काढा. मशीन लावलंत तर धक्क्यानं वरचा गिलावा सुटेल. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग ती चित्राच्या उंचीपर्यंत चढते. त्याजागी विरवलेला चुना 1 भाग, धुतलेली वाळू 3 भाग, आणि दसऱ्यानंतर थंडीत काम, कारण उन्हाळ्यात चुना घट्ट होण्याआधीच सुकतो आणि तडकतो. एक पावसाळा जाऊ द्या, भिंत कोरडी राहते का बघा. मगच चित्राला हात, तोही जाणकाराचा: बोटानं हलकं ठोकून पोकळ जागा शोधायच्या, सिरिंजनं पातळ चुना आत सोडायचा, धूळ कोरड्या मऊ ब्रशनं. गेलेला भाग कल्पनेनं भरायचा नाही.

लोकांना आत सोडताना भिंतीपासून हात-दीड हातावर दोरी आणि एका वेळी 12-15 माणसं. सगळे फ्लॅशच्या नावानं ओरडतात; पाठीवरच्या सॅका भिंतीला घासतात त्याचं काय?

हो, वाड्याला चौदा वाटेकरी असतात, सह्याच होत नाहीत, आणि चुना जाणणारा गवंडी शोधून सापडत नाही. मान्य. म्हणून साबण?

व्हिडिओ पुन्हा पाहिला. ते गृहस्थ पुसताना चित्राच्या पाया पडतात, मगच फडका टेकवतात. म्हणजे जीव आहे हो त्यांचा त्या भिंतीवर. त्यांना कुणी सांगितलंच नाही. मघाशी कमेंटमध्ये जरा जास्तच बोललो, ती काढून टाकतोय.

त्यांच्या ओळखीचं कुणी असेल तर एवढंच पोचवा: भिंतीला आता काही लावू नका, पंखा नको, हीटर नको, सावकाश वाळू द्या. आणि तो फडका धुऊ नका. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, वर तारीख आणि भिंतीची जागा लिहा. पुढेमागे कुणी जाणकार आला तर तो तांबडा गेरूचा की हिंगुळाचा (पाऱ्याच्या लाल खनिजाचा), हे त्यावरूनही कळेल.