'लंडन' कोरलंय म्हणून बंदूक लंडनची होत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला इंदूरच्या चार मराठी ग्रुपांवरून आला. "घरात आजोबांची घोड्याची दुनळी (दोन नळ्यांची, बाहेर ठोकणारे घोडे असलेली जुनी बंदूक) आहे? नळीवर लहरी असतील तर ती तलवारीच्या दमास्कस पोलादाची. 'लंडन' कोरलं असेल तर अस्सल विलायती. नक्षी जितकी दाट तितका दर्जा वरचा. घासून चकचकीत करा, किंमत दुप्पट. आणि शंभर वर्षं झाली की लायसन्स लागत नाही." होळकर संस्थानात चाकरी केलेल्या बऱ्याच घरांत अशा बंदुका अजून आहेत. या मेसेजनं नुकसान होईल ते त्यांचं, म्हणून एकेक दावा तपासतो.

आधी 'लंडन'. रामबागेतल्या एका वाड्यात परवान्यावर असलेली बारा बोर (बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) दुनळी मी पाहिली. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर सुबक रोमन अक्षरांत 'लंडन फाइन ट्विस्ट'. घरातली समजूत अशी की होळकर महाराज दुसरे तुकोजीराव यांनी ती पणजोबांना बक्षीस दिली. नळ्या उतरवल्या, त्यांच्या मागच्या टोकाची, म्हणजे बुडाची, सपाट बाजू मऊ फडक्यानं पुसली आणि भिंग लावलं. लंबगोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरं, त्यांच्याखाली तारा, वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या चाचणीघराचा, म्हणजे नळी फुटत नाही ना हे तपासणाऱ्या ठिकाणाचा, छाप. त्यात मुकुट आला 1893 मध्ये. तुकोजीराव वारले 1886 मध्ये. 'फाइन ट्विस्ट' हे तर नळीच्या जातीचं नाव, कारागिराचं नव्हे, आणि असली अक्षरं घातलेल्या बंदुका लिएजहून जगभर जात. घरच्यांचे उतरलेले चेहरे मला बघवेनात. पण बंदूक पणजोबांनी वापरलेली आहे हे खरंच आहे. महाराजांची गोष्ट तेवढी तिला लागू होत नाही.

म्हणून पट्टीवरचं नाव शेवटी वाचा, बुडाचे छाप आधी. मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी ही अक्षरं लंडनच्या चाचणीघराची, मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड बर्मिंगहॅमचे. बर्मिंगहॅम म्हणजे दुय्यम, असंही समजू नका. वेब्ली, स्कॉट, ग्रीनर हे नामांकित बंदूककार तिथलेच. शिवाय 1887 आधीच्या ब्रिटिश बारा बोरवर 13 आकडा दिसला तर गोंधळू नका. तो नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा असतो: 12 म्हणजे 0.729 इंच, 13 म्हणजे 0.710. काडतूस बाराचंच.

नळीवरच्या लहरींचं म्हणाल तर तलवारीचं दमास्कस, म्हणजे जौहरदार पोलाद वेगळं आणि ही नळी वेगळी. इथे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेल्या असतात. स्वस्त मालात तर साध्या पोलादी नळीवर नुसती लहर उमटवलेली असते. पुढचं लाकूड काढून खाली बघा. लाकडाआड लहर एकदम थांबली तर ती वरवरची. आणि नळी खरी असली तरी आजचं काडतूस घालून उडवून बघू नका. त्या काळच्या कित्येक नळ्यांची चाचणी फक्त काळ्या दारूवर, म्हणजे जुन्या, कमी जोराच्या दारूवर झालेली आहे.

नक्षीचा दर्जा दाटपणावर ठरत नाही. हाताच्या छिन्नीनं कोरलेली रेघ भिंगाखाली कुठे रुंद, कुठे बारीक होते, तिच्या कडा धारदार असतात. साच्यानं दाबलेली रेघ सगळीकडे सारख्याच खोलीची आणि बोथट. उत्तम बंदुकीत स्क्रूच्या खाचा एका दिशेत बसवलेल्या असतात आणि नक्षी स्क्रूच्या माथ्यावरूनही न तुटता पुढे जाते. लाकूड आणि लोखंड यांच्यात नख शिरत नाही. दोन्ही घोडे जुळ्या भावांसारखे. एवढं असेल तर चार ओळींची नक्षीही वरच्या दर्जाची, नसेल तर अख्खी बंदूक फुलांनी भरली तरी साधीच.

घासण्याचा सल्ला मात्र मला सगळ्यात जास्त टोचतो. ओळखीच्या एका काकांनी मेसेज वाचून बंदूक बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घासून आणली. घोड्याच्या मागच्या पट्टीवर शिकारी कुत्रा कोरलेला होता. आता त्याला पाठ आहे, कान आहेत, पाय नाहीत. हाडांच्या कोळशात भाजून पाणी दिलेल्या लोखंडावर निळ्या-तपकिरी ढगांसारखे रंग येतात. संग्राहक आधी तेच शोधतो, घोड्याआड, चापाच्या कोपऱ्यात, जिथे हात पोचला नाही तिथे. ते गेले की परत आणता येत नाहीत. नवे चढवले तर जाणकाराला लगेच कळतं. मऊ फडकं आणि थेंबभर तेल, याहून जास्त काही करू नका.

राहिलं लायसन्स. शंभर वर्षांचा आकडा आला आहे 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यातून. तो वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घालतो, बंदूक बाळगायची मुभा देत नाही. शस्त्रांचा कायदा 1959 चा. त्याच्या कलम 45 मध्ये सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्राला. तुमची दुनळी घोडा ओढल्यावर खटकन बसत असेल तर ती बंदूकच, मग ती 1890 ची का असेना. आणि लायसन्स आजोबांच्या नावावर होतं म्हणजे तुमच्या नावावर आहे असं नाही. नवं मिळेपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि जमा करण्याआधी बुडाच्या छापांचे फोटो काढून ठेवा.